खरे घराण्याचा टॅटू

ऐका, इथे अमेरिकेत आमच्या ट्रॉय गावातल्या विवेक खरेच्या मुलाचं सांगतो. रोहनला दंडावर टॅटू हवा होता. वर लॅटिनमध्ये 'सत्य जिंकतं' आणि खाली मराठीत आडनाव. हे आपल्या घराण्याचं ब्रीद आहे, असं विवेकनंच त्याला ठोकून दिलं होतं.

लॅटिन चुकू नये म्हणून अख्खं घर कामाला लागलं. एका शब्दात 'आय' घातला तर सत्य जिंकतं, 'ई' घातला तर पुढे कधीतरी जिंकेल. विवेक म्हणाला, "आत्ताच जिंकू दे यार, परमनंट आहे!" शेवटी एका लॅटिनच्या प्रोफेसरांकडून चेक करून घेतलं.

शनिवारी जेवायला गेलो, तर रोहननं बाही वर केली. लॅटिन अचूक होतं. खाली ठसठशीत अक्षरांत 'खारे'. शेंगदाणे असतात तसे. पोरानं आडनाव इंग्लिशमध्ये टाइप केलं आणि फोननं काना देऊन टाकला. मराठी तपासायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

"काका, इज इट राइट?" रोहननं मोठ्या उत्साहानं मला विचारलं.

मी विवेककडे पाहिलं, विवेकनं वहिनींकडे.

"एकदम करेक्ट!" आम्ही तिघंही एका सुरात म्हणालो.