क्लचमधले तीन स्क्रू

(एप्रिलचा शेवट, दुपार. नॉर्वेच्या उत्तरेचं सामी लोकांचं एक गाव. लेम्मेतची दुरुस्तीची शेड. बाकावर बर्फगाडीचा क्लच उघडून ठेवलेला. लेम्मेत, त्याचा भाचा इस्सात आणि इस्सातची आई सुन्ना.)

लेम्मेत: कुणी चावलं रे ह्या स्क्रूला? किल्ली बसायचं सहाकोनी भोक पार गोल करून ठेवलंयस.

इस्सात: मामा, मी हातसुद्धा लावलेला नाही.

लेम्मेत: हो, उंदराने लावला असेल! मापाला लहान किल्ली घातलीस, रेड्यासारखा जोर लावलास, झालं. तरण्याताठ्या पोरांना किल्ली शोधायचाही कंटाळा.

इस्सात: अरे, पण इथे स्क्रूच नव्हता! क्लचच्या तिन्ही वजनांची भोकं मी रिकामी ठेवली होती. वजन हलकं, तर इंजिन मोकळं पळतं. तूच शिकवलंस ना?

लेम्मेत: रिकामी?

इस्सात: ईस्टरच्या शर्यतीआधी. ह्याच बाकावर बसून.

लेम्मेत: थांब. बॅटरी इकडे धर. दुसऱ्याचंही तोंड गोल. अन् हे तिसरं… हेही. इस्सात, एक स्क्रू चुकून खराब होतो. तीन एकसारखे चुकून होत नाहीत.

सुन्ना: कॉफी घ्या आधी. आपल्या रीतीने चीज घातलंय त्यात, गार होईल.

लेम्मेत: घेतो गं. आणि हे बघ, कडेला लाल काहीतरी. हा गोंद आहे. पुन्हा कधी काढायचंच नसेल तेव्हा लावतात हा. निळा लावला असता तर किल्लीने सुटला असता.

इस्सात: म्हणजे कुणीतरी मुद्दाम…

सुन्ना: जाऊ दे ना. नवी वजनं मागवा. कशाला खोदत बसायचं?

लेम्मेत: मागवली तर दहा दिवसांनी येतील. परवा रेनडियरच्या गाभण माद्या नदीपलीकडे न्यायच्यात, वरचा बर्फ फुटायच्या आत. सरक बाजूला. वजन शिकंज्यात धरतो आणि मागून आच देतो. गोंद मऊ पडला की डाव्या फिरकीचं ड्रिल लावायचं. ड्रिल उलटं फिरतं, स्क्रूला धरतं आणि त्याच्याच नादाने स्क्रू बाहेर येतो. आलं का नाकात? जळला गोंद.

इस्सात: कुजक्या माशासारखा वास येतोय.

लेम्मेत: ड्रिल दे. हळू… हळू… धरलं! आला बघ, मुकाट्याने आला. काट्यावर टाक.

इस्सात: तीन ग्रॅम. मामा, प्रत्येक वजनात तीन ग्रॅम! म्हणून गाडी पळत नव्हती. मी स्पार्क प्लग बदलले, पट्टा बदलला, पेट्रोलला शिव्या दिल्या. आणि काल…

लेम्मेत: काल काय?

इस्सात: काही नाही.

लेम्मेत: मी गाडी नदीतून दोराने ओढून काढली, तेव्हा काठापासून ती चांगली लांब होती. आईला तू काय सांगितलंस?

सुन्ना: बर्फ खचला म्हणून सांगितलंय. काठाजवळचा. गुडघ्यापर्यंत भिजला म्हणाला.

लेम्मेत: इस्सात?

इस्सात: बर्फ नव्हताच तिथे. उघडं पाणी होतं.

सुन्ना: उघडं पाणी म्हणजे?

इस्सात: पाण्यावरून गाडी मारली, आई. वेग असला की गाडी बुडत नाही, पाण्यावरून घसरत जाते. सगळेच जातात.

सुन्ना: तू जात नव्हतास. बापाच्या लासोवर, जनावरं धरायच्या त्याच्या दोरावर, हात ठेवून म्हणाला होतास, पुलावरून जाईन.

इस्सात: पूल चाळीस किलोमीटर लांब आहे. चार माद्या पलीकडे एकट्या पडल्या होत्या. मी ते पाणी कितीदा ओलांडलंय. पण काल मधोमध आलो आणि इंजिन चढेचना. अंगठ्याने वेगाचा खटका पूर्ण दाबला, तरी गाडी नुसती रडत होती. मग पुढचं टोक खाली गेलं.

सुन्ना: किती खोल होतं?

इस्सात: पाय टेकले नाहीत.

लेम्मेत: अरे देवा.

इस्सात: बर्फाची कड हाताला लागली, म्हणून… मला वाटलं, मीच चुकलो. कळपवाले सगळे तेच म्हणताहेत, पोराला गाडी हाकता येत नाही. परवाच्या कामातून काढणार होते मला! आणि इथे कुणीतरी क्लचमध्ये… कोण असेल, मामा? योव्ना? शर्यतीत हरल्यापासून तो बोलत नाही माझ्याशी. आत्ता जातो त्याच्या दारात.

सुन्ना: योव्नाकडे जाऊ नकोस.

इस्सात: का?

सुन्ना: कारण ते स्क्रू मी घातले.

लेम्मेत: सुन्ना!

सुन्ना: मी बारा वर्षं ह्याच्या बापाच्या, माहत्तेच्या गाड्यांचे क्लच उघडलेत, लेम्मेत. तुला माहितेय. त्याच्या डब्यातले स्क्रू, त्याच्याच डब्यातला गोंद. मग किल्ली फिरवून फिरवून तोंडं गोल केली, म्हणजे ह्याला काढता येऊ नयेत.

इस्सात: तू? आई, तू?

सुन्ना: तुझा बाप कुंपणाच्या तारेला धडकून गेला तेव्हा गाडीचा वेगाचा काटा एकशे दहावर अडकला होता. मी पाहिलाय तो काटा. तू शर्यतीतून हसत आलास, आणि मला तोच दिसला. वाटलं, हळू चालेल तर जगेल. एवढंच वाटलं रे मला.

लेम्मेत: आपल्यात कुणाची जनावरं किती, हेसुद्धा कुणी कुणाला विचारत नाही, ज्याचं त्याच्यापाशी, मान्य. पण पोराच्या गाडीत हात घालण्याआधी मला विचारायचंस! एकदा तरी!

सुन्ना: तू नाही म्हणाला असतास.

लेम्मेत: नाहीच म्हणालो असतो!

इस्सात: मी बुडत होतो आणि स्वतःला शिव्या घालत होतो.

सुन्ना: मला काय ठाऊक, तू पाण्यावरून जातोस? मला जमिनीवरचं भय होतं. मी तुला… लेम्मेत, मीच मारत होते ह्याला! माझ्या हाताने! 

लेम्मेत: बस खाली. तो कप ठेव, सांडतोय. इस्सात, तूही बस. तुझी थाप नसती तर हिला कळलं असतं. हिचा गोंद नसता तर तू भिजला नसतास. दोघं एकाच माळेचे मणी आहात.

इस्सात: मला बसवत नाहीये, मामा.

सुन्ना: बोल मला काय बोलायचं ते.

इस्सात: काय बोलू? हात अजून गार आहेत माझे कालपासून.

सुन्ना: परवा कुठून जाशील?

इस्सात: पुलावरून.

सुन्ना: हेच मागे म्हणाला होतास.

इस्सात: हो. तेव्हा खोटं बोललो होतो.

सुन्ना: मग आता मी कशावर विश्वास ठेवू?

इस्सात: ठेवू नकोस. गाडीवर मागे बस. स्वतः बघ, कुठून नेतो ते.

सुन्ना: चाळीस किलोमीटर?

इस्सात: जायला चाळीस, यायला चाळीस.

सुन्ना: मग लेम्मेत, उरलेले दोन स्क्रू आजच काढ. दोघांचं ओझं ओढायचंय गाडीला.