तांबड्या माशासाठी दुसरं दार

आदरणीय अध्यक्ष महोदय, अर्थात आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक, व्यासपीठावर विराजमान असलेले डायलिसिस विभागाचे प्रमुख डॉक्टर, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती आपल्या सिस्टर, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान आणि सूनबाई, विभागातील सर्व कर्मचारी, आणि सुई काढल्यावर लगेच टाळ्या वाजवू नका असं ज्यांना बजावून सांगितलेलं आहे असे माझे सहरुग्ण बंधू-भगिनींनो,

रुग्णांच्या वतीने दोन शब्द बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल संयोजकांचे आभार. खरं तर हा मान मास्तरीणबाईंचा. त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर असतात आणि उभं आयुष्य वर्गात बोलण्यात घालवून त्यांची हौस अजून फिटलेली नाही. पण त्यांना थांबवणार कोण, असा प्रश्न निघाला म्हणे. माझ्याबाबतीत ती काळजी नसावी. मी विमा कंपनीचा नुकसान-तपासनीस होतो. जळालेलं गोदाम पाहायचं, काय गेलं आणि काय उरलं ते सांगायचं, आणि मालक रडत असेल तर त्याला पाणी देऊन पुढच्या गोदामाकडे निघायचं, हा माझा धंदा. तेव्हा आज माझ्याकडून गहिवराची अपेक्षा ठेवू नये, ही नम्र विनंती.

बोलायचं कारण मात्र आहे. गेल्या आठवड्यात सिस्टरनी मला एक प्रश्न विचारला. "काका, मी गेल्यावर तुम्ही येत राहाल ना?" तेवढ्यात माझं मशीन वाजायला लागलं आणि उत्तर राहून गेलं. ते आज सर्वांसमक्ष द्यावं म्हणून मी उभा आहे.

पाहुण्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आमच्या वॉर्डाच्या काचेपलीकडे खाऱ्या पाण्याची एक मोठी टाकी आहे, ती सिस्टरच सांभाळतात. तिच्यात खडक आहेत, जिवंत प्रवाळ आहे, आणि बोटभर लांबीचे, जांभळ्या अंगाचे आणि नारिंगी पोटाचे दोन एंजलफिश आहेत. अध्यक्ष महोदयांनी त्या जागेसाठी टीव्ही सुचवला होता, हे मला मुद्दाम कुणी सांगितलं ते मी इथे सांगणार नाही. टीव्ही आला असता तर आम्ही चार तास रिमोटवरून भांडलो असतो. मासे आल्यामुळे आम्ही माशांवरून भांडतो.

ही जात दिसायला देखणी आणि स्वभावाने जमीनदार. प्रत्येकाला स्वतःचा खडक लागतो. दोघांतला जो मोठा, त्याचं नाव आम्ही ठाणेदार ठेवलं. सिस्टरनी एकदा सांगितलं की हे मासे सुरुवातीला सगळे मादीच असतात, आणि पुढे त्यांच्यात जी सर्वांत जास्त दांडगाई करते तिचा नर होतो. मास्तरीणबाई म्हणाल्या, "यात नवीन काय सांगितलंत?" डॉक्टरसाहेब, तुम्ही तेव्हा राउंडवर होता आणि हसू दाबत होता, हे मी पाहिलेलं आहे.

तर अशा टाकीत तिसरा मासा आला. माझ्या समोरच्या खुर्चीवर घड्याळदुरुस्तीवाले गृहस्थ असायचे. ते गेले. त्यांच्या घरीही अशीच एक टाकी होती. ती सांभाळणं कुटुंबाला जमेना, म्हणून त्यांच्या मुलीने त्यांचा लाडका मासा पिशवीतून आणून सिस्टरच्या हातात दिला. निखाऱ्यासारखा तांबडा, अंगावर काळे उभे पट्टे. मुलगी एवढंच म्हणाली, "बाबांचा आहे, जगवा."

त्याच सुमारास मी सिस्टरना सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही. डायलिसिस थांबवलं की काय होतं, ते या सभागृहात कुणालाही समजावण्याची गरज नाही. मी चिडलो नव्हतो, रडतही नव्हतो. काय गेलं आणि काय उरलं ते पाहिलं आणि आकडा माझ्या मते जमत नव्हता, इतकंच.

सिस्टरनी काय करावं? तुम्हाला वाटेल, त्यांनी हात धरला, माझ्या मुलीची शपथ घातली. छे! त्या म्हणाल्या, "निर्णय तुमचा आहे, काका. डॉक्टरांशी बोला आणि मुलीला सांगा. तिच्यापासून लपवायला मी मदत करणार नाही." मग दोन पावलं जाऊन परत आल्या. "पण माझी एक पंचाईत होणार. तांबडा मासा टाकीत सोडायचाय. ठाणेदार त्याला मागच्या कपारीत कोंडून मारणार. ती कपार फक्त तुमच्या खुर्चीवरून दिसते. तेवढे दिवस आलात तर बरं होईल."

विमा कंपनीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला 'पाहणी करायची आहे' असं कुणी म्हटलं की तो आपोआप चष्मा पुसायला घेतो. मी पुसला.

आधी तांबड्याला भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात घालून तो डबा टाकीतच टांगला. ठाणेदाराने डब्यावर धडका मारमारून आपलं तोंड सुजवून घेतलं आणि शेवटी कंटाळला. मग एके सकाळी सिस्टरनी खांद्यापर्यंतचे हातमोजे घालून पुढचे सगळे खडक हलवले, म्हणजे ठाणेदाराचा सातबाराच रद्द. आता सगळेच टाकीत नवे, असा त्यामागचा हिशेब. तांबड्याला सोडलं.

हिशेब निम्मा चुकला. तासाभरात ठाणेदाराने त्याला मागच्या कपारीत कोंडलं. मी बसल्या जागेवरून अहवाल दिला, "शेपटीचा वरचा काठ फाटलाय, कल्ले जोरात चालताहेत, खाणं बंद. गुन्हेगार दाराशी उभा आहे." दुसऱ्या खेपेला आलो तेव्हा तांबडा आडवा पडायला आला होता. मास्तरीणबाईंनी पुस्तक तोंडावर धरलं होतं, पण पान उलटत नव्हत्या. त्या दिवशी मला भीती वाटली. तो मासा मरू नये असं मला फार वाटलं, आणि बऱ्याच महिन्यांत मला कशाबद्दलही काही वाटलं नव्हतं.

मी सिस्टरना म्हटलं, "एकच दार असलेल्या गोदामात नुकसान नेहमी जास्त होतं. आत अडकलेल्याला पळता येत नाही. त्या कपारीला मागून दुसरं दार करा, आणि त्या गुंडाला डब्यात टाका."

त्यांनी हातमोजे चढवले. मग म्हणाल्या, "हे माझ्या डोक्यात का आलं नाही?" त्यांनी ठाणेदाराला जाळीत पकडून डब्यात डांबलं, खडक सरकवून कपार आरपार मोकळी केली. ठाणेदार बाहेर आला तेव्हा त्याची ऐट थोडी उतरली होती. तो पाठीमागे लागला की तांबडा एका दारातून आत आणि दुसऱ्यातून पसार. शेपटी भरून आली. आज तिघं एकाच टाकीत नांदतात. प्रेमाने नांदतात असं मी म्हणणार नाही, पण नांदतात. माझा न येण्याचा विषय मात्र मध्येच कुठेतरी मागे पडला.

माझ्या मुलीला वाटतं की ही सिस्टरची युक्ती होती, म्हाताऱ्याला गुंतवून ठेवण्याची. मलाही शंका आली. न तपासता दावा मान्य करायची मला सवय नाही. एक दिवस, मशीन लागायच्या आधी, सिस्टर फोनवर होत्या तेव्हा मी त्यांच्या स्टुलावर बसून पाहिलं. मग मास्तरीणबाईंना उठवून त्यांच्या खुर्चीवरून पाहिलं, दारातून पाहिलं. कपार कुठूनही दिसत नाही. दावा खरा निघाला. सिस्टरना खरोखरच माझी गरज होती. त्या दिवशी मी घरी जाऊन दोन वेळा वाढून घेतलं आणि नंतर अंगात पाणी वाढलं म्हणून डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

आता प्रश्नाचं उत्तर. सिस्टर, तुमच्या मनात आहे की माशांसाठी येणारा माणूस माशांचं सगळं सुरळीत झाल्यावर कशाला येईल. रास्त शंका आहे. मासे माझ्यावाचून उत्तम जगतात. पण परवाची गोष्ट सांगतो. माझे चार तास संपले, पट्टी बांधली, जिना उतरलो, आणि खालच्या पायरीवर लक्षात आलं की आज मी टाकीकडे बघितलंच नाही. एकदाही नाही. मास्तरीणबाईंशी शब्दकोड्यावरून भांडण झालं, त्यात वेळ कसा गेला कळलं नाही. जिन्यात उभा राहून मी हसलो. जावई गाडीतून विचारत होता, "काय झालं, बाबा?" म्हटलं, "काही नाही, आज मासे बघायचेच राहिले."

अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, सिस्टरच्या घरच्यांनी इतकी वर्षं त्यांना आमच्यासाठी पहाटे घराबाहेर पडू दिलं, या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाच्या मानाला, हुद्द्याला किंवा माशाच्या प्रतिष्ठेला धक्का लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं.

सिस्टर, उद्या सकाळी माझी पाळी आहे. मी येतोय. तुम्ही खुशाल उशिरा उठा.