डॅनीच्या गळ्यातला तारा

घाबरलेला माणूस कसा दिसतो, ते मी दुबईत पाहिलं. नव्वदच्या दशकात मी तिथल्या एका हॉटेलात फिजिओ होतो. थंडीत इंग्लंडचा एक फुटबॉल क्लब सरावाला आला होता. त्यांचा बचावपटू डॅनी, त्याच्या गुडघ्याला मी बर्फ बांधत होतो. तो वाकला आणि शर्टातून साखळी बाहेर आली. तिला सहा टोकांचा तारा. म्हणजे हा ज्यू! आणि समोर माझा सहकारी युसूफ, पॅलेस्टिनी.

डॅनीने तारा मुठीत दाबला. "तिकडे यावरून प्रेक्षक शिव्या घालतात. इथं कुणाला सांगू नका, प्लीज."

युसूफ उठला आणि त्याने दार आतून लॉक केलं. डॅनी पांढराफटक पडला. त्या गुडघ्यानिशी पळणार कुठे? "युसूफभाई, जाने दो ना," मी म्हणालो.

"तो आत घाल. मॅनेजर राउंडवर आहे," युसूफ डॅनीला म्हणाला.

डॅनीने साखळी आत टाकली. युसूफ अजून त्याच्याकडे रोखून बघत होता.

"आता खरं सांग, हबीबी. शनिवारची तुमची मॅच मी टीव्हीवर बघत होतो. स्वतःच्याच गोलमध्ये बॉल कशाला मारलास?"