भाजलेली खुरासणी

तेलाचा विषय निघालाच आहे, तर माझं ऐका. एका वर्षी जास्त तेल निघावं म्हणून मी शेतातली खुरासणी, म्हणजे कारळे, तव्यावर खरपूस भाजली आणि जव्हारला युसूफभाईच्या घाण्यावर नेली. घरातलं वर्षाचं तेल त्यातूनच निघायचं होतं.

त्याने चार दाणे चावले आणि थुंकले. “दादा, तेल जास्त येईल, पण कस तव्यावरच जळाला.”

“तू घाणा चालव. मला शिकवू नकोस.”

तेल जास्त आलं आणि कडू आलं. बायको रोज त्यातलंच जेवण वाढत राहिली. मी वर्षभर मुकाट्याने खाल्लं.

पुढच्या वर्षी कच्ची खुरासणी नेली. युसूफभाईने विचारलं, “यंदा भाजली नाही?”

“सरपण नव्हतं.”

पोशेऱ्यासारख्या जंगलातल्या गावात राहून सरपण नाही! पण तो हसला नाही. म्हणून आजही तेल त्याच्याकडेच काढतो.