बर्फ धरला म्हणून

लेउवार्डन शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आफ्के नंबरची वाट बघत बसली होती. एका डोळ्यावर पट्टी, त्यामुळे कान जरा जास्तच उघडे. शेजारचं म्हातारं जोडपं चांगलंच पेटलं होतं.

"डॉक्टरांनी डोळ्यातला सुटलेला पडदा बसवला, तो दाबून धरायला वायूचा बुडबुडा भरला. आठवडाभर मान खाली ठेवायची, एवढंच तुझं काम होतं, विब्रन!"

"खालीच होती. स्केटिंग करताना माणूस काय आभाळाकडे बघतो?"

"पुलावरून लोकांनी हाका मारल्या की बघतो! हातसुद्धा केलास. मी बघितलं ना."

"किती वर्षांनी कालवा गोठला होता, फ्राउके."

"आणि पडदा पुन्हा सुटला! वर त्याच्यावर व्रणाची साय धरली, ती आवळली आणि पडदा चुरगळला. आता ती साय चिमट्यानं सोलायची, पडदा सपाट करायचा, आत वायूऐवजी तेल भरायचं. कोणामुळे हे सगळं?"

"स्केटच्या नाड्या कोणी बांधून दिल्या?"

फ्राउके पर्स उघडून चष्मा शोधायला लागली.

"सांग की."

"उशीत तोंड खुपसून दिवसभर सुस्कारे सोडत होतास! डोकं उठलं माझं."

आतून विब्रनचं नाव पुकारलं. दोघं उठली. तिनं त्याचा कोट खसकन ओढून सारखा केला.

"फ्राउके, पुढच्या हिवाळ्यात बर्फ धरला तर? डोळ्यात तेल असताना चालतं का?"

"तूच विचार. मी विचारलं तर डॉक्टर मला फाडून खातील."