दाराबाहेरचे बूट

पंच्याण्णवच्या जानेवारीत, अमेरिकेत टेक्सासमधल्या शुगर लँडच्या पायाच्या डॉक्टरकडे नंदाकाकू टाच चोळत बसल्या होत्या. शेजारी मायलेकींचं मराठी कानावर पडलं आणि त्यांनी कान टवकारले.

"सोनल, डॉक्टरांना सांग, त्या स्पॅनिश नाचाच्या, फ्लेमेंकोच्या बुटांनीच टाचा दुखतात. खाली खिळे ठोकलेत! नाचायचे बूट आहेत की घोड्याचे नाल?"

"आई, क्लासमध्ये बूट घालून काहीच दुखत नाही. घरी दुखतं."

"घरी तू बूट घालतेसच कुठे?"

"तू घालू देतेस?"

"घरात देव आहेत गं! पायातलं दाराबाहेरच राहणार."

"म्हणून मी रोज तासभर टाइल्सवर अनवाणी टाचा आपटते. टीचर म्हणाली, धिस इज क्रेझी."

"तिला काय कळतंय? आपल्याकडे मुली अनवाणीच नाचतात."

"तो डान्स वेगळा, आई!"

"पाय तेच ना? एवढंच असेल तर गराजमध्ये गाडीशेजारी नाच बूट घालून."

"गराजमध्ये तू थंडीमुळे तुळस आणून ठेवलीयस."

"अगं बाई, हो. मग तिथेही नको."

तेवढ्यात नर्सने नाव पुकारलं. आई उठली आणि डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी सँडल काढू लागली.

"आई, प्लीज! इथे कोणी काढत नाही!"

नंदाकाकूंनी आपले अनवाणी पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.