तिची एकटीची सही

माहं नाव विमल लिहा. गावाचं नाव नका लिहू, घाटंजीकडचं एक गाव म्हना, बस्स. मी आशाताई हाय, म्हनजे गावातल्या गरोदर बायाइले दवाखान्यात नेनं-आननं, लेकराइचे डोस, हे माहं काम. ज्या बाया पोट मोकळं कराले माह्यासंगं गेल्या त्याइचे नावं मी तुमाले बदलूनच सांगनार, काहून का नाव कोनाले सांगू नोये असा कायदाच हाय, अन् कायदा नसता तरी म्या सांगतले नसते. माही सून सुषमा मात्र म्हने, आई, माहं खरं नाव सांगा, मी काही चोरी नाही केली. तं तिचं खरं सांगते.

काय सांगू जी तुमाले, मी जन्मली तेच मुळात कोनाले नको असताना. मायले माह्या आधीचे चार होते. पाचव्यानं मी पोटात राह्यली तं तिनं कच्ची पपई खाल्ली, काढे पेली, पऱ्हाटीचे भारे डोक्यावर वाह्यले, पन मी काही हालली नाही. हे मले मायनंच सांगतलं, माही वेनी घालता घालता, हासत हासत. म्हने तू मोठी जिद्दी, साऱ्या काढ्याइले पुरून उरली. मीबी हासत होती, सहा वर्साची पोट्टी, मले काय समजे. त्याच साली माय सहाव्या बाळंतपनात गेली. लेकरूबी गेलं. कापूस वेचाचे दिवस होते, सारे वावरात, घरी मी अन् आजी दोघीच. तवापासून घरातलं सगळं आजीनंच केलं.

आमचं घर बौद्ध. आज्यानं दीक्षा घेतली तवा घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले, असं आजी सांगे. लग्न होऊन मी या गावात आली तं इथं विहारात वंदना म्हनाले कोनी नोतं. माही दहावी झालेली, आवाज खडा, तं दादाराव काकानं मले पुढं बसवलं. दादाराव काका म्हनजे माह्या मालकाचे काका, विहाराचे अध्यक्ष, मानाचा मानूस. मी म्हनाची अन् साऱ्या बाया माह्यामागं म्हनाच्या. पंचशीलातलं पहिलंच शील, जीवहिंसेपासून दूर राहीन. वीस वर्सं म्या ते म्हनलं, अन् मनापासून म्हनलं जी, नुसतं तोंडानं नाही.

मंग आशा झाली. माहं काम एकदम पक्कं. बाई घरातून निंघाच्या आधी आधारचं झेरॉक्स, पासबुकाचं झेरॉक्स, फोटो, नवऱ्याची सही, सारं प्लास्टिकच्या फाईलीत तयार. दवाखान्यातल्या सिस्टर म्हनत, विमलताईचा पेशंट आला म्हनजे कागदाची कटकट नाही. मले त्याचा मोठा गुमान होता. त्याच गुमानात म्या ते पाप केलं, जे मी आज तुमाले सांगाले बसली.

आमच्या गावाले लागून तांडा हाय. तिथली एक, तिले आपन सविता म्हनू. तीन लेकरं, धाकटं नऊ महिन्याचं, अंगावर पेनारं. नवरा ऊसतोडीले गेलेला तिकडं लांब, हे लेकरामुळं सासूपाशी मागं राह्यलेली. एक दिवस नळावर माह्याजवळ आली अन् हळूच म्हने, ताई, पुन्हा दिवस गेले, दोन महिने झाले, मले नाही पायजे, माह्यात जीव नाही उरला, मले दवाखान्यात घेऊन चाल. अन् म्या काय म्हनलं? म्या म्हनलं, नवऱ्याची सही आन.

ते म्हने, थो तं ऊसतोडीवर हाय. म्या म्हनलं, मंग सासूले घेऊन ये. ते म्हने, सासू मारन मले. म्या म्हनलं, माहा इलाज नाही बाई, कायदा हाय. असं म्या छाती ठोकून सांगतलं. जी, कोन्या डॉक्टरनं मले तसं सांगतलं नोतं, कोन्या सिस्टरनं सही मागतली नोती, मी तिले दवाखान्यापर्यंत नेलीच नाही तं मागन कोन? म्याच मागतली. नसबंदीले लागते तसे कागद, बाळंतपनाले लागते तसे कागद, तं याले तं लागतच असन, असं माहं मीच धरलं. दवाखान्याच्या भिंतीवर पोट्टी का पोट्टा तपासनं गुन्हा हाय अशी मोठी पाटी, ते वाचून आमच्याकडं साऱ्याइले वाटते का पोट पाडनंच गुन्हा हाय. मलेबी अर्धं तसंच वाटे.

पन खरं सांगू काय, आता लपवून काय करू. मले आतून वाटत होतं का सही भेटू नोये. सही भेटली नाही तं हे जाईन घरी, लेकरू होईन, अन् माह्या माथ्यावर जीव घेतल्याचं पाप येनार नाही. ते सही कायद्यासाठी नोती, माह्यासाठी होती. तिचे तीन लेकरं अन् तिचा सुकलेला चेहरा समोर असताना म्या माहं शील सांभाळलं.

सविता तीनदा आली. मी तीनदा सही मागतली. चौथ्यांदा आली नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी तांड्यावरून निरोप आला, लवकर ये. जाऊन पाहते तं गोधडी भिजलेली, अंगात ताप असा का हात ठेववत नोता. दुसऱ्या गावच्या कोन्या बुढीकडं गेलती, तिनं आत काडी घातलती. गाडी बोलावली, यवतमाळले नेलं, तिचं डोकं माह्या मांडीवर, धाकटं लेकरू शेजारीन पाजून राह्यलती. डॉक्टरनं म्हनलं, पिशवी काढा लागते, नाही तं बाई जाते. ती बेसुध, तं सासूनं अंगठा देल्ला.

चौथ्या दिवशी सविता बोलली. रडली नाही, भांडली नाही. म्हने, ताई, भेटला ना तुले घरच्याचा अंगठा? मी तिथून उठून बाहेर आली. त्या दिवशी मले माही माय आठवली, तिच्या त्या काढ्याइसकट.

पुढं दोन महिन्यानं तालुक्याले आमचं ट्रेनिंग झालं. एक मॅडम पोट पाडाचा कायदा समजावून सांगून राह्यलत्या. म्हनल्या, अठरा वर्साच्या वरची बाई असन तं तिची एकटीची सही लागते, नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. मी हात वर केला. म्हनलं, मॅडम, हा नियम कवा आला? मले वाटलं या दोन महिन्यात आला असन, तं मनाले जराक आराम पडन. मॅडम म्हने, हे पहिल्यापासून असंच हाय ताई, तुमच्या जन्माच्या आधीचा कायदा हाय. मी खाली बसली. डब्यातली पोळी तशीच घरी आनली.

तवापासून ठरवलं, जे बाई येईन तिले दोनच गोष्टी इचाराच्या. हे तुह्याच मनचं हाय काय, का कोनी तुले ढकलून राह्यलं? अन् किती दिवस झाले? बस्स. एक बाई तं दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या म्हने, ताई, चाल घरी, मले ठेवाचं हाय. म्या म्हनलं, चाल. येताना आमी दोघीनं रसवंतीवर रस पेला. ते लेकरू आता अंगनवाडीत जाते, मले पाह्यलं का जीभ दाखवते.

हे सारं लोकाइच्या घरचं. आपल्या घरी आलं का मानसाची परीक्षा होते. माहा पोरगा प्रशांत जिनिंगवर कामाले, त्याले एक पोट्टा अन् एक पोट्टी. गेल्या साली सुषमाले तिसऱ्यांदा दिवस गेले. तांबी सोसत नोती म्हनून काढलती, त्यातच राह्यलं. मले तं आनंद झाला, खोटं कायले बोलू, घरात पुन्हा पाळना हालन, मी जुनी लुगडी काढून ठेवली. दोन दिवसांनं सुषमा चुलीपाशी आली अन् म्हने, आई, मले नाही पायजे. म्या म्हनलं, काहून वो, काय कमी हाय? ते म्हने, कमी काही नाही, पन नाही पायजे. तुमी बाकी बायाइले कारन इचारता काय?

म्या तोंड फिरवलं अन् भाकर उलटवली.

प्रशांतनं आकांत केला. माहं लेकरू हाय, माह्या सहीबिगर कसं होते ते पाह्यतो, म्हने. अन् गेला दादाराव काकाकडं. रविवारी वंदना झाली, बाया उठाले लागल्या, तं काका म्हने, बसा, अन् मले साऱ्याइसमोर इचारलं. विमल, पहिलं शील तू म्हनवतं अन् घरातच जीव घेऊन राह्यली? मंग म्हने, तुह्या मायचं जमलं असतं तं आज तू इथं बसली असती काय?

मले पह्यले राग आला, मंग रडू आलं, मंग दोन्ही गेलं. मी उठून उभी राह्यली. म्हनलं, काका, मी नसती. खरं हाय तुमचं. पन माय असती. माह्या मायले काढे पेवा लागले नसते, तिची कोनी सरकारी दवाखान्यात सही घेतली असती, मंग सहावं तिनं ठेवलं असतं का नसतं ते तिचं तिनं ठरवलं असतं. मले माह्या जिवाचं मोल तुमच्यापेक्षा जास्त माहीत हाय, काका, मी त्या पपईतून वाचलेली हाय. अन् जीव जाते तवा मलेबी वाईट वाटते, आजबी वाटते, दवाखान्यातून घरी आल्यावर मी मेनबत्ती लावून बसते. पन शील आपन आपल्या तोंडानं घेतो. मी घेते ते माहं. सुषमाच्या वतीनं मी घेऊ शकत नाही, तुमीबी नाही, प्रशांत तं नाहीच. सविताच्या वतीनं म्या घेतलं होतं एकदा, त्याचं काय झालं ते साऱ्या गावाले ठाऊक हाय.

काका म्हने, मंग उद्यापासून पुढं बसू नको. म्या म्हनलं, मागं बसीन. पन बसीन.

सोमवारच्या एसटीनं मी अन् सुषमा गेलो. दवाखान्यात म्या तिले पुन्हा इचारलं, तुह्याच मनचं ना? ते म्हने, माह्याच. काऊंटरवर एक नवी पोरगी होती, म्हने मिस्टर कुठं हायेत? म्या म्हनलं, मिस्टर जिनिंगवर हायेत, अन् त्याइची इथं गरज नाही. सुषमानं कागद वाचला, पुरा वाचला, अन् सही केली.

प्रशांत तीन महिने माह्याशी बोलला नाही. आता बोलते, कामापुरतं. सुषमाशी मात्र बोलते, तेच बरं हाय, संसार त्याइले कराचा हाय. विहारात मी अजून मागंच बसते. पुढं एक शाळेतली पोरगी म्हनवते, चांगलं म्हनते बिचारी, मी तिच्यामागं म्हनते. कवा कवा एखादी बाई वंदना झाल्यावर चपला घालता घालता माह्या कानाशी येते, ताई, जराक काम होतं. मी म्हनते, ये घरी.

अन् परवाची गोष्ट सांगून सोडते तुमाले, तुमचा चहा थंडा होऊन राह्यला. सविता आली, पाच वर्सांनं माह्या दारात. संगं तिची धाकटी जाऊ, डोक्यावर पदर, नजर खाली. सविता म्हने, ताई, हिचंबी तसंच हाय, माह्यावानी. नवरा बाहेरगावी गेला. पन हिले सही येते. पंधरा दिवसापासून शिकवून राह्यली तिले, मी आधी माह्या पोराकडून शिकली. अन् त्या पोरीनं कमरेतून कॅलेंडरचं एक पान काढलं, त्याच्या मागं साऱ्या पानभर तिचं नाव. पह्यले वाकडं, मंग सरळ, मंग एकदम सरळ.

म्या म्हनलं, अवं सविता, अंगठाबी चालते वो कायद्यात, सही नसली तरी. सविता म्हने, चालत असन ताई. पन पुन्हा कोनी, सही आन, असं म्हनाले नको.

म्या दोघीइले पानी देल्लं, अन् त्या पोरीले माह्या दोन गोष्टी इचारल्या, तिनं तिच्याच तोंडानं सांगतलं. उद्या सकाळच्या एसटीनं जाऊन राह्यलो आमी, तिघीबी. तिचं भलं होवो, अजून काय मागू.